ट्रिगर फ्रेम बदलली, पण खरी कमाल पॉलिश पेपरची

पेंटबॉलच्या बंदुकीसाठी घेतलेली ही ट्रिगर फ्रेम चांगली आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की हा माणूस नुसता रडतोय. पण परत ४५ डॉलर टाकून घेशील का असं कोणी विचारलं तर मी लगेच हो म्हणणार नाही, आणि का नाही ते सांगायला जरा मागनं सुरुवात करावी लागेल.

माझा मार्कर (पेंटबॉलच्या बंदुकीला मार्करच म्हणतात) म्हणजे स्पायडर पद्धतीचा जुना ब्लोबॅक, गॅसच्या धक्क्याने स्वतःच पुन्हा तयार होणारा. खाली एक नळी, वर एक नळी, खालच्यात हॅमर, वरच्यात बॉल पुढे ढकलणारा बोल्ट, दोघांना जोडणारी पिन. ठाण्याबाहेरचं एक पेंटबॉलचं मैदान बंद झालं तेव्हा त्यांनी भाड्याचे मार्कर विकायला काढले, त्यातला हा एक. म्हणजे किती कॉलेजच्या पोरांनी आणि ऑफिसच्या पिकनिकवाल्यांनी तो हाणलाय देव जाणे. तरी बॉडी ठणठणीत होती, व्हॉल्व गळत नव्हता, ओ-रिंगा बदलल्या की झालं. फक्त खालची फ्रेम प्लास्टिकची, एका बोटाचा ट्रिगर, आणि तो असा की ओढायला घेतला की आधी बराच वेळ काहीच नाही, मग खरखर, मग अजून खरखर, आणि आता काय सुटत नाही बुवा म्हणून तुम्ही नेम सोडून बंदुकीकडे बघायला लागलात की मग फाट्कन सुटणार. डावीउजवीकडे डुगडुगायचा ते वेगळंच. हातमोजे घातले तर बोट गार्डमध्ये अडकायचं, काढले तर दुसऱ्या दिवशी बोटाला फोड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेम म्हणजे नुसती मूठ नाही. या जातीच्या मार्करमध्ये ट्रिगर, सिअर, त्यांच्या स्प्रिंगा, सेफ्टी सगळं त्या मुठीत असतं आणि वरची बॉडी दोन स्क्रूवर तिला धरलेली असते. सिअर म्हणजे छोटा सीसॉ समजा, एक टोक ट्रिगरशी, दुसरं हॅमरच्या खाचेत. ट्रिगर ओढला की ते दुसरं टोक सुटतं, हॅमर स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाऊन व्हॉल्ववर आपटतो, गॅस सुटतो, त्यातला थोडा बॉलमागे जातो आणि थोडा हॅमरला परत मागे ढकलतो, तिथे सिअर त्याला पुन्हा पकडतो. बस्, एवढंच यंत्र. म्हणून फ्रेम बदलायचा विचार या मार्करमध्ये सोपा वाटतो. टिपमन ९८ हा दुसरा एक मार्कर, तो वापरणाऱ्यांचं तसं नाही, त्याची बॉडीच दोन अर्ध्या कवच्यांची, ट्रिगर त्यातच बसलेला, तिथे फ्रेम अशी वेगळी निघतच नाही, आतला ट्रिगर आणि गार्डच बदलायचा. आणि ऑटोकॉकर जातीचा मार्कर असेल तर देवच वाली, कारण तिथे ट्रिगर सिअरही सोडतो आणि एका दांड्यावरनं पुढच्या थ्री-वे व्हॉल्वलाही हलवतो, म्हणजे फ्रेम बदलली की सगळं टायमिंग पहिल्यापासून लावत बसा.

तर माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून येणार होता, त्याला सांगितलं बाबा येताना ही एक वस्तू आण. ॲल्युमिनियमची, काळी ॲनोडाईज केलेली, दोन बोटांचा ट्रिगर, मोठा गार्ड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा फ्रेम चारपाच जणांच्या मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. त्याने ती चेक-इन बॅगेत मोज्यात गुंडाळून आणली आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य, "अरे ही एक्स-रेमध्ये पिस्तुलाच्या मुठीसारखी दिसत असणार, मी रात्रभर झोपलो नाही." खरंच दिसते म्हणा. या फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्यापण १९११ पिस्तुलाच्या मापाच्या असतात, ज्याला सगळे पंचेचाळीस ग्रिप म्हणतात, आणि त्याचा फायदा असा की पुढेमागे रबराची पट्टी फाटली तर कुठलीही त्या मापाची बसते.

हातात घेतल्यावर मात्र दिल खुश. वजन आहे, पण चांगलं वजन, मार्कर पुढे झुकायचा तो आता मधोमध राहतो. ट्रिगरची पिन घट्ट, डुगडुग शून्य. मागे एक आणि पुढे एक असे दोन बारीक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे, एकाने सुटायच्या आधीची मोकळी चाल कमी करायची, दुसऱ्याने सुटल्यानंतरची. दोन बोटांचा ट्रिगर म्हणजे लांब पाना वापरल्यासारखं, तेवढाच जोर दोन बोटांत वाटला जातो आणि पिव्हटपासून बोट लांब पडलं तर हलकंही लागतं. आणि फ्रेम नुसती आली होती, सिअर नाही, सिअरची स्प्रिंग नाही, जुन्यातनं काढून घालायचं. हे घेण्याआधी वाचा, मी वाचलं नव्हतं.

बसवायचं काम मी घरी केलं, कोलशेतच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर. आधी टाकी काढली, उरलेला गॅस सोडला, हॉपर म्हणजे वरचा बॉलचा डबा काढला, नळीत बॉल नाही बघितलं, हे सगळं शहाण्यासारखं केलं आणि मग जुन्या फ्रेममधली सिअरची पिन ठोकून काढली तशी स्प्रिंग उडाली. टण्ण असा आवाज आला म्हणजे फ्रिजकडे कुठेतरी गेली. अर्धा तास जमिनीवर लोळलो. नाही सापडली. मग मी तेच केलं जे प्रत्येक मराठी इंजिनियर करतो, बॉलपेनची स्प्रिंग कापून घातली. ती इतकी मऊ की सिअर वर उचलतच नाही, हॅमर मागे ओढून धरला आणि सोडला की खाडकन पुढे, धरायलाच कोणी नाही. नशीब गॅस लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईला केर काढताना खरी स्प्रिंग सापडली, "ही तुझ्या पेनातली का रे?" मी म्हटलं हो, काय सांगणार.

स्प्रिंग घातली, सगळं जुळलं, हॅमर ओढून नुसताच सोडून बघितला. चाल कमी झाली होती, डुगडुग गेली होती, पण ती खरखर? ती होती तशीच. दोन बोटांत विभागून आली एवढंच. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आता खरी गंमत. टाकीचा जो अडॅप्टर मुठीच्या तळाला लागतो, बॉटमलाईन म्हणतात तो, त्याचे दोन स्क्रू. जुने इतके गंजलेले की एकाचं डोकं एलन कीने गोल झालं, ड्रिल करून काढला. घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे दुसरा घेऊन गेलो, त्याने बोटात फिरवला, म्हणाला एम ५ आहे, आणि दोन दिले. मी घरी येऊन मागच्या भोकात लावला, पहिले दोन वेढे मस्त गेले, मग घट्ट झाला, मी म्हटलं नवीन फ्रेम आहे, नवीन आटे आहेत, घट्ट असणारच, आणि दाबून फिरवला. करकर असा आवाज आला आणि स्क्रू एकदम मोकळा. बाहेर काढला तर त्याला चांदीचा भुगा लागलेला. म्हणजे आटे गेले. नव्या कोऱ्या फ्रेमचे, विमानात मोज्यात बसून आलेल्या फ्रेमचे.

झालं असं की हे स्क्रू एम ५ नसतातच. ते १०-३२, म्हणजे इंची, दहा नंबरचा स्क्रू आणि इंचाला ३२ आटे. त्याची जाडी साधारण ४.८३ मिलीमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.७९. एम ५ ची जाडी ५ आणि अंतर ०.८. म्हणजे अंतर एवढं सारखं की स्क्रू आत शिरतो, आणि जाडी एवढी जास्त की शिरता शिरता ॲल्युमिनियम खरवडून काढतो. एवढं फसवं माप मी दुसरं बघितलं नाही. पूर्ण वेगळं असतं तर शिरलंच नसतं, वाचलो असतो. पेंटबॉलच्या बऱ्याच वस्तू अमेरिकन इंची मापाच्या आहेत आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिलीमीटर, हे एक वाक्य कोणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला मामलेदारची मिसळ खायला घातली असती, दोन प्लेट.

शनिवारी स्लो लोकल पकडून मुंबईत मशीद स्टेशनला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीट, म्हणजे हार्डवेअरचा बाजार. तिथे अर्ध्या इंचाचा १०-३२ मागितला तर दुकानदाराने डोकं वर न करता विचारलं "काळा का स्टील?" हे ऐकायला काय बरं वाटलं सांगू. पण सुटे देईना. पन्नासचं पाकीट घ्या म्हणाला. दोन हवे होते, पन्नास घेतले.

पुढचं भोक ठीक होतं, मागच्याचं काहीतरी करायला हवं होतं, कारण त्या अडॅप्टरला गॅसची टाकी लटकते, एका स्क्रूवर हलायला लागला तर होज आणि फिटिंगवर ताण येतो, आणि त्यात मे महिना. टाकीतल्या सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साईडचं, तुम्हाला माहीतच असेल, ३१ डिग्रीच्या वर ती द्रव राहतच नाही, दाब भराभर चढतो, त्यामुळे उन्हात ठेवलेली टाकी आणि ढिला अडॅप्टर हे कॉम्बिनेशन मला नको होतं.

म्हणून वागळे इस्टेट, ठाण्यातली कारखान्यांची वसाहत. रोड नंबर १६ च्या बाजूला एका गाळ्यात एक मिस्त्रीकाका बसतात, लेथ, एक ड्रिल मशीन, आणि रेडिओ. माझ्या मित्राच्या वडिलांची ओळख. काकांनी फ्रेम बघितली, मार्कर बघितला, "खेळण्यातली आहे ना?" एवढं एकदा विचारून घेतलं, आणि भोकात बोट घालून म्हणाले आता इथे इंची राहणार नाही, ५ चं ड्रिल मारून एम ६ चा टॅप मारतो, अडॅप्टरचं भोक गोल कानशीने मोठं करतो. पण टॅप दुसऱ्या गाळ्यात गेलाय, फ्रेम ठेवून जा, बुधवारी ने. मी म्हटलं काका रविवारी खेळ आहे. तर म्हणाले जुनी लाव. ते सिअर आणि ट्रिगर तोपर्यंत हातात फिरवत होते, चष्मा कपाळावर घेऊन डोळ्याजवळ धरला, नखाने त्याच्या टोकावरून खरवडलं आणि म्हणाले, "हे बघ भाऊ, ही कटरची रेघ आहे, घासलेलीच नाही. तुझी खरखर इथे आहे."

मग त्यांनी काय केलं तर काच घेतली, त्यावर हजार नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून ठेवला, आणि सिअरची ती एकच बाजू जी हॅमरला टेकते ती अगदी सपाट धरून दहाबारा वेळा ओढली. मग दोन हजार नंबर. मग कपड्यावर ब्रासो. ट्रिगरचं जे टोक सिअरला लागतं त्यालाही तेच. कोन अजिबात बदलला नाही, आणि हे त्यांनी मला दोनदा बजावलं, रेघ जाईपर्यंतच, चमक आली की थांबायचं, वरचा कडक थर उडाला तर आतलं लोखंड मऊ आहे, महिन्यात झिजेल. हॅमरची कडा त्यांनी फक्त पुसली. पैसे विचारले तर म्हणाले टॅपचे दोनशे बुधवारी दे, याचे काय घ्यायचे.

रविवारी घोडबंदर रोडला आमच्या नेहमीच्या मैदानावर जुनी प्लास्टिकची फ्रेम लावून गेलो, तीच एका बोटाची, तीच डुगडुगणारी, आत फक्त घासलेले सिअर आणि ट्रिगर. पहिला शॉट मारला आणि मी थांबलो. परत मारला. खरखर नाही. चाल लांब होती, अजूनही लांबच होती, पण गुळगुळीत, आणि कुठे सुटणार ते बोटाला आधी कळत होतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हातात घेऊन विचारलं, "नवीन फ्रेम हीच का?" मी काही बोललो नाही. खोटं नको सांगायला, थोडं वाईटच वाटलं. ४५ डॉलर, आतेभावाची झोप, नागदेवीची फेरी, आणि जे मला हवं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त एका मिस्त्रीने रेडिओ ऐकता ऐकता दहा मिनिटांत करून दिलं होतं.

बुधवारी फ्रेम आणली. काम सुबक, पुढचा स्क्रू इंची, मागचा मिलीमीटरचा, अमेरिका पुढे वागळे इस्टेट मागे. पुढच्या रविवारी ती लावून खेळलो, आता आत घासलेलं सिअर. आणि हो, फरक आहे. दोन बोटं बसतात, हातमोजे घालून खेळता येतं, ट्रिगर सरळ मागे येतो. पटापट दोन शॉट मारायचे असतील तर प्लास्टिकवाल्यावर ते जमायचं नाही, यावर जमतं.

पण लोभ वाईट. चेंजिंग रूममध्ये मी तो पुढचा ग्रब स्क्रू अजून थोडा फिरवला, म्हटलं मोकळी चाल अजून कमी करू. क्रोनोवर, म्हणजे बॉलचा वेग मोजायच्या यंत्रावर, उभा राहिलो, एकदा ओढला आणि ढर्रर्रर्र. पाचसहा बॉल एकदम. मैदानावरचा पोरगा ओरडला तो वेगळा. कारण साधं होतं, स्क्रू एवढा आत गेला की ट्रिगर सोडला तरी तो सिअरला थोडा दाबूनच ठेवत होता, मग परत आलेला हॅमर त्याला नीट पकडता येईना. हाच प्रकार टाकी संपत आली की पण होतो, गॅस कमी पडतो आणि हॅमर सिअरच्या मागेपर्यंत पोचतच नाही, नवीन पोरं खुश होतात की बंदूक ऑटो झाली. तर सेटिंग करताना स्क्रू अगदी लागेपर्यंत फिरवा आणि मग एक पूर्ण वेढा उलटा. मागच्या स्क्रूचं उलट, तो जास्त आत घेतला तर ट्रिगर सिअर सुटायच्या आधीच अडकतो, बंदूक उडतच नाही. दोन्हीवर निळं लॉकटाईट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद), लाल नको, लाल लावलंत तर ते ग्रब स्क्रू साध्या एलन कीने परत निघणार नाहीत. आणि मास्क घातल्याशिवाय हे सेटिंग करायचं नाही, त्या पाचसहा बॉलनंतर तर अजिबात नाही.

क्रोनोचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे २८० फूट पर सेकंदची मर्यादा आहे, जुन्या फ्रेमने जेवढं येत होतं तेवढंच नव्या फ्रेमने आलं, दोनचार फूट इकडेतिकडे. येणारच. फ्रेमचा वेगाशी संबंध नाही, नेमाशीपण नाही, तो नळी आणि बॉलचा आणि तुमच्या हाताचा मामला. फ्रेम लावली की लांब जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडनं काही विकत घेऊ नका.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. ट्रिगर जलद झाला की दुसरं काहीतरी तुटतं. माझा हॉपर साधा, गुरुत्वाकर्षणवाला, तो सेकंदाला सातआठच्या वर बॉल काही सोडत नाही, तेही हलवत राहिलं तर. दोन बोटं चालवायला लागलो तसा तिसऱ्या गेमला बोल्टने अर्धा आलेला बॉल चिरला, नळीत रंगाचं पिठलं. त्यात पाऊस यायच्या आधीची ती चिकट हवा, जिलेटिनचं कवच ओल धरतं, फुगतं, मऊ पडतं, आपल्या ठाण्यात जून ते सप्टेंबर उघड्या पाकिटातले बॉल दुसऱ्या आठवड्याला वापरूच नयेत. त्या दिवशी चार वेळा नळी पुसली, जुन्या फ्रेमने अख्ख्या दिवसात एकदाही नव्हती पुसली. म्हणजे आता बॅटरीचा हॉपर घ्यायला हवा. हे असंच असतं, एक डबा बदलला की इंजिन लहान वाटायला लागतं.

इलेक्ट्रॉनिक फ्रेमचं दोघांनी विचारलं म्हणून सांगतो. त्यात ट्रिगर म्हणजे नुसतं बटण, आतला सोलेनॉईड सिअर ओढतो, नऊ व्होल्टची बॅटरी. हलका असतो, माऊसच्या क्लिकसारखा. पण या मार्करवर, या हॉपरवर, तो लावणं म्हणजे रिक्षाला विमानाचं स्टिअरिंग. आणि बिघडला तर काका पॉलिश पेपरने दुरुस्त करू शकणार नाहीत.

तर घ्यावी का. दर आठवड्याला खेळत असाल, हात मोठे असतील, हॉपर आधीच चांगला असेल, तर घ्या, बिनधास्त, बांधणी चोख आहे, आणि माझ्या भोकाचं जे झालं ती चूक तिची नाही, माझी आणि त्या एम ५ ची आहे. महिन्यातनं एकदा मित्रांबरोबर मजा म्हणून जाणार असाल तर आधी सिअर काढून उजेडात बघा, रेघा दिसल्या तर वीसतीस रुपयांचा पेपर आणा, आणि हात थरथरत असेल तर स्वतः न घासता कुठल्यातरी गाळ्यातल्या काकांकडे द्या. पाचपैकी द्यायचे तर फ्रेमला साडेतीन, काकांना पाच, फ्रेमबरोबर स्क्रूच्या मापाची साधी चिठ्ठीसुद्धा न घालणाऱ्यांना भोपळा.

माझी जुनी फ्रेम आता ग्रुपमधल्या त्याच मित्राच्या मार्करवर आहे, सिअर त्याचंही घासून घेतलं. आणि १०-३२ चे, अर्धा इंच, काळे, ४९ स्क्रू माझ्याकडे पडून आहेत. ठाण्यात कोणाला लागले तर कोलशेतला येऊन घेऊन जा, सुटे देतो.